मॉकड्रिलचं सॉफ्टवेअर आणि एका टिकमार्कसाठी सात चकरा

मी बुटीबोरीला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. आमच्याकडे क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, असतात, एकेक ९०० किलोचा, साठा १० टनांच्या वर जातो म्हणून आम्ही एमएएच (मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या) युनिटमध्ये येतो, म्हणजे धोकादायक रसायनांच्या १९८९ च्या नियमांप्रमाणे दर सहा महिन्यांनी ऑनसाइट प्लॅनचं, म्हणजे कारखान्याच्या आतल्या आपत्कालीन योजनेचं, मॉकड्रिल करायचं आणि त्याचा रिपोर्ट लगेच द्यायचा. मागचं ड्रिल जूनमध्ये झालं होतं, म्हणून पुढचं डिसेंबरमध्ये. ज्यांचं असंच डिसेंबरला येतं त्यांनी हे आधी वाचा, नागपूरात डिसेंबर म्हणजे काय हे मी विसरले होते.

कंपनीने या वर्षी ड्रिल प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घेतलं. आधी सगळं एक्सेलमध्ये चालायचं. सॉफ्टवेअरमध्ये उद्देश टाका, सिनारिओ टाका, कंट्रोलर (ड्रिल चालवणारा) कोण, इव्हॅल्युएटर (बघून नोंदी घेणारा) कोण ते नेमा आणि मग इंजेक्ट, म्हणजे ड्रिल चालू असताना ठरलेल्या मिनिटाला सोडायच्या बातम्या. हे सगळं चार दिवसांत झालं, आवडलं पण. गॅस किती दूर जाईल ते अलोहा नावाच्या प्रोग्रॅममध्ये काढलं, ते फुकट मिळतं, फक्त त्यात नागपूर आपल्याला भरावं लागतं: अक्षांश २१ अंश ९ मिनिटं, रेखांश ७९ अंश ५ मिनिटं आणि पूर्व निवडायचं, उंची साधारण ३१० मीटर. सेकंदाला १ मीटरपेक्षा कमी वारा ते घेतच नाही, आणि आपल्याकडे थंडीत पहाटे हवा अगदी ठप्प असते, क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, जमिनीलगत बसून राहतो. त्या पहाटेचा विचार मी वेगळा टेबलटॉपमध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून केलेल्या चर्चेच्या सरावात, घेतला, फक्त अलोहाच्या नकाशावर विसंबले नाही.

आता अडलं कुठे ते सांगते. बाहेरून येणाऱ्या यंत्रणांना सॉफ्टवेअर मेलवर लिंक पाठवतं, त्यांनी कन्फर्म केलं की हिरवी टिक. सगळ्यांची टिक आल्याशिवाय ड्रिल 'मंजूर' होत नाही, आणि मंजूर झाल्याशिवाय चेकलिस्ट छापता येत नाही. सगळ्यांची आली, एका ऑफिसची नाही. नाव घेत नाही. फोन केला तर म्हणे मेल कोणी पाहत नाही, लेटरहेडवर पत्र द्या. पत्र घेऊन गेले सिव्हिल लाइन्सला, आवकमध्ये (आलेली पत्रं नोंदवतात तिथे) दिलं, शिक्का घेतला. आठ दिवसांनी विचारलं तर पत्र आवकला आहे पण टेबलवर नाही. परत गेले. टेबलवर आलं तर साहेब दौऱ्यावर. परत गेले तर म्हणे पत्रात वेळ लिहिली नाही. वेळ टाकून नवीन पत्र, नवीन आवक, पुन्हा पहिल्या टेबलपासून! तिथले बाबू वाईट नव्हते, एकदा तर म्हणाले, "मॅडम, काहून रोज रोज येता इतक्या लांबून, येईल ना फोन." फोन कधीच आला नाही. बुटीबोरीवरून यायचं म्हणजे अर्धा दिवस जातो, नंतर नंतर मी खापरीला गाडी लावून मेट्रोने झिरो माइलला उतरायला लागले, तुम्हीही तेच करा, वर्धा रोडवर डोकं तापवू नका.

सहाव्या चकरेपर्यंत डिसेंबर उजाडला आणि हिवाळी अधिवेशन लागलं. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे, विधानभवनाकडचे रस्ते बंद, आणि सगळी माणसं आणि गाड्या बंदोबस्ताला. सातव्यांदा गेले तेव्हा सरळ सांगितलं, अधिवेशन संपेपर्यंत एकही माणूस मिळणार नाही. आधी सांगितलं असतं तर? सहा वेळा मी त्याच माणसासमोर उभी होते, तारीख पत्रात ठळक लिहिली होती, अधिवेशन काही अचानक येत नाही. त्या दिवशी परत येताना मला मेट्रोत रडू यायचं बाकी होतं. स्क्रीनवर तो पिवळा 'पेंडिंग' बघून बघून चीड आली होती आणि मुदत दहा दिवसांवर.

मग रात्री बसून नियम पुन्हा वाचला. सहा महिन्यांचं ड्रिल घ्यायची जबाबदारी कारखान्याच्या ऑक्युपायरची, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याची, आहे, ऑफसाइट म्हणजे कारखान्याबाहेरच्या भागाच्या प्लॅनची रंगीत तालीम वेगळी, ती वर्षातून एकदा, आणि ती प्रशासनाने घ्यायची. म्हणजे आमचं ड्रिल बाहेरच्यांसाठी अडायचं कारणच नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये त्या यंत्रणेला 'सहभागी' मधून काढलं आणि 'सिम्युलेशन सेल' बनवला, म्हणजे आमचाच एक माणूस वेगळ्या खोलीत फोन घेऊन बसणार आणि त्यांच्या वतीने उत्तरं देणार. पाच मिनिटांचं काम! टिक हिरवी झाली. हे मला ऑक्टोबरमध्ये कोणी सांगितलं असतं तर... म्हणून लिहिते आहे.

आणि हो, त्या फोनवर प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला आणि शेवटी "हा सराव आहे" म्हणायचंच, नाहीतर कोणीतरी खरी गाडी बोलावेल. शेजारच्या युनिटना आदल्या दिवशी लेखी कळवा. सायरनच्या पाच मिनिटं आधी गेटवर पुन्हा सांगा.

ड्रिल झालं. सिनारिओ होता टनरच्या व्हॉल्व्हला गळती. आमच्या पोरांनी एससीबीए (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा मास्क) घालून टनर असा फिरवला की गळती वरच्या बाजूला आली, द्रव न येता गॅस आला, आणि पाणी कोणीही मारलं नाही, मारलं की गंज चढून भोक मोठं होतं, हे मी दोन वर्षं सांगत होते. मला खूप बरं वाटलं. पण चौदाव्या मिनिटाला वारा फिरल्याचा इंजेक्ट सोडला तेव्हा अर्धे लोक सवयीने पहिल्याच असेंब्ली पॉइंटला (जमायच्या जागी) उभे राहिले, जिथे आता वारा गॅस घेऊन आला असता. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक डोक्यावर फडफडत होता, एका कँटीनच्या ताईने वर पाहिलं आणि बाकीच्यांना हात धरून हलवलं. हेडकाउंटमध्ये तीन ठेकेदारी कामगार सापडेनात, ते आत होते पण गेटच्या रजिस्टरमध्ये नव्हते. दोन्ही गोष्टी रिपोर्टमध्ये तशाच लिहिल्या, आमच्या मॅनेजर साहेबांना पहिल्यांदा पटलं नाही, पण मी खोडल्या नाहीत.

चेकलिस्ट मात्र कागदावर छापून न्या, टनर शेडमध्ये मोबाइलला रेंज नसते आणि सॉफ्टवेअर तिथेच फिरत बसतं.

बाहेरच्या यंत्रणेसोबतचा भाग जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठेवला आहे. या वेळी पत्रात तारीख, वेळ, गेट नंबर, आमच्या माणसाचा फोन, सगळं टाकलं, आवकचा शिक्का घेतला आणि समोर उभं राहून साहेबांच्या टेबलपर्यंत नेऊन ठेवलं.