फरक ऐकू येत नाही, तरी वेव्हच का?

संगणकावर संगीतनिर्मिती शिकणारे अनेक जण मला विचारतात की, एमपी३ (ध्वनीचा काही डेटा वगळून लहान केलेली फाइल) आणि वेव्ह (सगळा डेटा जसाच्या तसा ठेवणारी फाइल) यांतला फरक आमच्या कानांना कळतच नाही, तर मग कितीतरी पट जागा व्यापणारी वेव्ह फाइल बाळगायची कशासाठी?

कानांची यात काही चूक नाही. ३२० केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट डेटा वापरणारी, एमपी३ मूळ ध्वनिमुद्रणापासून वेगळी ओळखणे सरावलेल्या कानांनाही अवघड जाते, कारण ठळक ध्वनीच्या आड झाकले जाणारे बारकावे हेरून ते कमी अचूकतेने साठवायचे किंवा सरळ वगळायचे, हेच तिचे तंत्र आहे. मात्र आवाज आहे तसाच ऐकला जाईल, असे त्यात गृहीत धरलेले असते, आणि निर्मितीत आपण आवाज आहे तसा क्वचितच ठेवतो. झांजेच्या आघातानंतर विरत जाणारा नाद एमपी३मध्ये ठीक वाटतो. पण कॉम्प्रेसरने (आवाजाच्या पातळीतले चढउतार कमी करणाऱ्या साधनाने) तो विरता भाग वर उचलला आणि इक्यूने (ठरावीक कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) वरच्या कंप्रता वाढवल्या, की लपलेली काटछाट उघडी पडते आणि नाद पाण्याखालून आल्यासारखा थरथरता, खरखरीत होतो. ती एमपी३ नंतर वेव्हमध्ये बदलली, तर फाइलचा आकार तेवढा वाढतो. गेलेले काहीही परत येत नाही.

लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, बाबतीत आणखी एक अडचण आहे. एमपी३ तयार होताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, आणि सॉफ्टवेअरने तिची भरपाई केली नाही, तर प्रत्येक आवर्तनाच्या सांध्यावर ताल अडखळतो.

म्हणून ज्या फाइलवर अजून काम व्हायचे आहे, ती वेव्ह किंवा तिच्यासारख्याच एआयएफएफ स्वरूपातच असावी. गुणवत्तेच्या दृष्टीने या दोहोंत फरक नाही. ध्वनिमुद्रण २४ बिटचे करावे. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलची गतिकक्षा (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर) मिळते, तर २४ बिटमध्ये तात्त्विकदृष्ट्या १४४ डेसिबलची. त्यामुळे पातळी निर्धास्तपणे खाली ठेवता येते आणि गायकाने अचानक जोर लावला तरी आवाज फाटत नाही. मिक्सिंगसाठी ट्रॅक दुसऱ्या कुणाकडे द्यायचे असतील, तर मी ३२ बिट फ्लोट निवडतो, कारण शून्य डेसिबलच्या, म्हणजे एरवीच्या कमाल डिजिटल पातळीच्या, वर गेलेली शिखरेही त्यात शाबूत राहतात. सॅम्पल रेट (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने घेतले जातात ते) ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ यांपैकी कोणताही चालेल, पण एका प्रकल्पात एकच असावा.

दीर्घ मैफलीचे सलग मुद्रण करणाऱ्यांनी वेव्हची ४ जीबीची मर्यादा ध्यानात ठेवावी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओत ती साधारण चार तासांत गाठली जाते. पूर्ण झालेल्या कामाच्या साठवणीला फ्लॅक हे फाइल-स्वरूप उत्तम, कारण जागा वाचते आणि डेटा तंतोतंत राहतो.

कच्चा मसुदा ऐकायला पाठवण्यासाठी एमपी३ मीही वापरतो. ती नेहमी २४ बिट मास्टरवरूनच (अंतिम मूळ फाइलवरूनच) करावी आणि शिखरांवर एखादा डेसिबल मोकळा सोडावा, कारण रूपांतरात शिखरे किंचित वर सरकतात.