गाणं माझं, आवाज माझा, नाव मात्र जुळेना

इंग्लंडमध्ये राहून स्वतःची गाणी काढू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. सूर, स्टुडिओ, व्हिडिओ याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. कागदपत्रांबद्दल कुणी बोलत नाही, आणि माझं घोडं अडलं ते नेमकं तिथेच. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

आम्ही सांगलीहून लंडनजवळच्या स्लाउला आलो तेव्हा मी शाळकरी होते. पहिल्यांदा माइक हातात घेतला तो लंडनच्या महाराष्ट्र मंडळात, गणपतीत. १९३२ साली स्थापन झालेल्या त्या मंडळात आमच्यासारख्या कितीतरी मुलांची भीती मोडली आहे. पुढे इंग्रजी पॉप लिहू लागले, मधूनच एखादी मराठी ओळ. पहिलं गाणं एका वितरक कंपनीमार्फत सगळ्या स्ट्रीमिंग ॲपवर चढलं. बीबीसी इंट्रोड्युसिंगलाही, म्हणजे नव्या कलाकारांची गाणी वाजवणाऱ्या बीबीसीच्या उपक्रमालाही, पाठवलं होतं. तिथे आपल्या पोस्टकोडप्रमाणे गाणं जवळच्या रेडिओ कार्यक्रमाकडे जातं. ते वाजलं, आणि आईने गाडी बाजूला घेऊन ऐकलं.

मग पैसे काढायची वेळ आली.

वितरकाच्या खात्यात रक्कम दिसत होती. मोठी नव्हती, पण गाण्याची पहिली कमाई होती. ती बँकेत येण्याआधी ओळख पडताळणी. पासपोर्टचा फोटो पाठवला, बँकेचं स्टेटमेंट पाठवलं. उत्तर आलं: नाव जुळत नाही.

झालं होतं असं. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं नाव आणि पुढे बाबांचं नाव, खाली आडनाव, आपल्याकडे असतं तसं. बँकेतलं खातं शाळेत असताना उघडलेलं, त्यावर फक्त नाव आणि आडनाव. गाण्यावर तर एकच नाव, घरी हाक मारतात ते. आपल्या कुणालाही यात वावगं दिसणार नाही. त्या कंपनीच्या यंत्रणेला मात्र ही तीन वेगळी माणसं वाटली.

मी समजावून लिहिलं. उत्तर यायला आठवडे लागत, आणि यायचं ते दरवेळी वेगळ्या माणसाचं, ज्याने आधीचं काही वाचलेलं नसायचं. एकदा तर त्यांनी मागितलेला कागद मी पाठवला त्याच दिवशी त्यांनी ‘प्रतिसाद न मिळाल्याने’ तक्रार बंद केली. नवी तक्रार नोंदवली की पुन्हा रांगेच्या शेवटी. म्हणून आधीच सांगते: नवी तक्रार उघडू नका, जुन्याच ईमेलला उत्तर देत राहा. सगळा इतिहास एकाखाली एक राहतो आणि वाचणाऱ्याला टाळता येत नाही.

मग एकाने सुचवलं की डीड पोल, म्हणजे नाव बदलल्याचा कायदेशीर कागद, करून मधलं नाव काढून टाका, सोपं पडेल. ब्रिटनमध्ये डीड पोल करणं खरंच सोपं आहे, दोन साक्षीदारांसमोर सही केली की झालं. पण पुढे? पासपोर्ट नवा, मग ओसीआय कार्डही (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) नव्याने. आणि का म्हणून? मी हे जेवताना सांगितलं तर बाबा म्हणाले, “काढ गं, माझं नाव काढलंस म्हणून मी काही कमी होत नाही. तुझं गाणं अडायला नको.” मला इतका राग त्या सगळ्या काळात कधी आला नव्हता. ज्या माणसाने रात्रपाळ्या करून मला कीबोर्ड घेऊन दिला, त्याचं नाव एका फॉर्मच्या सोयीसाठी पुसायचं?

नाव बदलून मोठे झालेले आहेतच. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुल्सारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला. त्याचं कुटुंब १९६४ मध्ये झांझिबार सोडून फेल्टहॅमला आलं, स्लाउपासून काही फार लांब नाही. दुसरीकडे कोसोवोहून आलेल्या आईवडिलांच्या मुलीने, पॉप गायिका दुआ लिपाने, जन्माचं नाव जसंच्या तसं ठेवलं. दोन्ही बरोबर, कारण दोघांनी आपल्या मर्जीने ठरवलं.

मार्ग निघाला तो उलट्या बाजूने. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, ४४-४४ अक्षरांच्या. यंत्र त्याच वाचतं. मी बँकेत पासपोर्ट घेऊन गेले आणि खात्यावर त्या ओळीतलं पूर्ण नाव लावून घेतलं. वितरकाच्या फॉर्ममध्येही अक्षरन्‌अक्षर तेच भरलं, आणि जुन्या ईमेलखाली नवं स्टेटमेंट जोडून लिहिलं की आता कुठलं अक्षर जुळत नाही ते दाखवा. काही दिवसांत पैसे आले. बाबांचं नाव जागेवर आहे.

पैसे आले त्याच आठवड्यात मी वितरक बदलला. बदलताना जुनं गाणं आधी काढू नका. नव्याकडून तेच रेकॉर्डिंग, त्याच आयएसआरसी क्रमांकाने (प्रत्येक रेकॉर्डिंगला मिळणारा ओळख क्रमांक) चढू द्या, मग जुनं उतरवा, म्हणजे ऐकल्याची संख्या सहसा टिकते. हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा.

रेडिओचे पैसे वितरकाकडून येत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. गाण्यांचे हक्काचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या दोन संस्था इथे आहेत: शब्द आणि चाल यांचे पैसे पीआरएसकडून मिळतात, रेकॉर्डिंगमध्ये गायल्या-वाजवल्याचे पीपीएलकडून. दोन्हीकडे वेगळी नोंदणी. पीआरएसकडे टोपणनावही नोंदवता येतं आणि ते तुमच्या खऱ्या नावाला जोडलं जातं. टोपणनाव ठेवायचं तर याच रस्त्याने ठेवा, पासपोर्टला हात न लावता. पीपीएलकडे प्रत्येक रेकॉर्डिंगवर आपण काय केलं तेही नोंदवायचं असतं. माझ्या गाण्यात ढोलकी वाजवणाऱ्या दादाची नोंदही मी करायला लावली, त्याचाही हिस्सा असतो.

आणि हो, पबमध्ये किंवा मेळ्यात स्वतःची गाणी गायलात तर गायलेल्या गाण्यांची यादी पीआरएसकडे भरा. त्याचेही पैसे मिळतात.