डॅशकॅम, ऊन आणि उसाच्या ट्रॉल्या

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी गाडीला नवीन काही बसवलं की शेजारच्या शेडमधली माणसं हातातलं काम टाकून बघायला येतात. माझ्या वॅगनआरच्या काचेला डॅशकॅमचा, म्हणजे समोरचा रस्ता सतत टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा, काळा डबा चिकटला तेव्हाही आली. पहिला प्रश्न ठरलेला, "कितीला पडला?" दुसरा, "ह्यात आपण बोललेलं पण येतंय व्हय?" आणि मग एकेकाचे फोन सुरू झाले, आम्ही कुठला घेऊ म्हणून. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच एकदा लिहून टाकतो.

माझा धंदा पॅटर्नचा. फौंड्रीवाल्यांना ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, म्हणजे लाकडाचे, ॲल्युमिनियमचे पॅटर्न करून द्यायचे. त्यामुळं आज शिरोली, उद्या गोकुळ शिरगाव, मधूनच कागलची पंचतारांकित एमआयडीसी, असा गाडीचा फेरा चालूच असतो. सातारा-कागल सहापदरीकरणाचं काम सुरू झाल्यापासून महामार्गावर कधी कुठला सर्व्हिस रोड दुहेरी होईल आणि समोरून कोण उलटा येईल, याचा नेम राहिला नाही. कॅमेरा घ्यायचं ठरलं ते त्यापायी.

दुकानदार बोलायला सुरुवात करतो ती मेगापिक्सेलपासून. तीन-चार हजारांपासून पंधरा हजारांच्या पुढंपर्यंत माल मांडतो आणि प्रत्येक डब्यावर टू-के, फोर-के असं चित्राच्या बारकाव्याचं माप ठळक छापलेलं असतं. मी त्याला आधी एवढंच विचारलं, आत बॅटरी आहे का सुपर कपॅसिटर, म्हणजे बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग? एप्रिल-मे महिन्यात फौंड्रीच्या आवारात पत्र्याच्या आडोशाशिवाय गाडी तीन-चार तास उभी राहिली की डॅशबोर्डला हात लावून बघा. काचेमागं साठ अंशाच्या पुढं आरामात जातं. लिथियमची बॅटरी त्या उष्णतेत फुगते, मग डब्याचा जोड सुटतो, कधी पाठ वर येते. कपॅसिटर उष्णता सोसतो. त्याच्यात साठा मात्र अगदी थोडा, गाडी बंद झाल्यावर चालू असलेली शेवटची फाईल नीट बंद करण्यापुरता. म्हणजे गाडीची वीज नसेल तर तो कॅमेरा हातात धरून फोटो काढत फिरता येणार नाही. मला तसं फिरायचंही नव्हतं.

बरेच स्वस्त कॅमेरे फोर-के म्हणून जे विकतात, ते आतल्या लहान सेन्सरचं, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपचं, चित्र ताणून मोठं केलेलं असतं. सेन्सर कुठला आहे ते विचारा. सोनीचा स्टारव्हिस असेल तर रात्रीचं चित्र बरंच बरं येतं. खरा टू-के आणि बरा सेन्सर, एवढ्यावर मी थांबलो. जीपीएस असलेला घेतला, कारण वेळ आणि वेग चित्रावर आपोआप उमटतात. जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागंपुढं होतं, आणि ज्या व्हिडिओवर भलत्याच वर्षाची तारीख आहे तो कुणाला दाखवायचा?

आता नंबरप्लेटचं. लोकांची समजूत अशी, की कॅमेरा आहे म्हणजे पळून जाणाऱ्या गाडीचा नंबर मिळणारच. दिवसा, समोर दोन-तीन गाड्यांच्या अंतरात, सावकाश चाललेली गाडी असेल तर मिळतो. वेगात समोरून येणारी असेल तर चित्र फासटून जातं. रात्री तर आपल्याच हेडलाईटचा उजेड प्लेटवर पडून ती पांढरीफट्ट होते, एमएच शून्य नऊ का केए तेवीस तेही कळत नाही. याला माझा उपाय साधा आहे: माईक चालू ठेवायचा आणि नंबर दिसल्याक्षणी मोठ्यानं वाचायचा. डोळ्याला जे दिसतं ते लेन्सला दिसेलच असं नाही, पण माईकला ऐकू येतं. आमच्या घरात यावरनं वाद आहे. बायकोचं म्हणणं, "अहो, आपण गाडीत कुणाकुणाबद्दल काय काय बोलतो, ते सगळं त्या डब्यात?" तिचंही बरोबर आहे. म्हणून ती गाडीत असली की माईक बंद.

उसाच्या हंगामात या कॅमेऱ्याचा कस लागतो. दिवाळीच्या आगंमागं कारखाने पेटले की फेब्रुवारी-मार्चपर्यंत रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या. वर उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, पुढं स्पीकरवर गाणी फुल्ल, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. कागलच्या बाजूनं संध्याकाळी परत येताना एकदा माझ्या पुढं अशीच ट्रॉली होती. घरी येऊन ते चित्र बघितलं तर काळ्या अंधारात आधी फक्त पाचटाची टोकं उजळतात, अधांतरी, आणि मग एकदम सगळी ट्रॉली पुढ्यात उभी राहते. कॅमेऱ्याला जेवढ्या उशिरा दिसली, जवळजवळ तेवढ्याच उशिरा मलाही दिसली असणार. ते बघून मी त्या रस्त्यावर रात्रीचा वेग दहानं उतरवला. कॅमेऱ्याचा असाही उपयोग होतो हे मला कुठल्याच दुकानदारानं सांगितलं नव्हतं.

बसवायचं काम आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिकवाल्याबरोबर केलं. जागा आरशाच्या मागं, डावीकडं, ड्रायव्हरच्या नजरेआड. पण एक बघून घ्यायचं, वायपर जिथं पुसतो त्या पट्ट्यातच लेन्स आली पाहिजे. नाहीतर जुलैत गगनबावड्याच्या रस्त्याला लागलात की सगळं रेकॉर्डिंग पाण्याच्या थेंबांचं. काचेच्या वरच्या कडेला जे काळे ठिपके असतात त्यांच्यावर टेप नीट धरत नाही, त्यांच्या खाली स्वच्छ काचेवर चिकटवा. काच आधी स्पिरिटनं पुसून, कोरडी करून, टेप अंगठ्यानं अर्धा मिनिट दाबून धरायची आणि लगेच कॅमेरा लटकवायचा नाही, रात्रभर तशीच सोडायची. चिकटवण्याच्या कामात आम्ही पॅटर्नवाले घाई करत नाही.

वायर वरच्या कापडी छताच्या कडेत बोटानं ढकलत न्यायची, मग दाराजवळच्या खांबातून खाली. इथं सावध. ज्या गाड्यांना बाजूच्या खिडक्यांवर उघडणारी पडद्याची एअरबॅग आहे, तिची घडी छताच्या कडेत असते आणि या खांबाच्या प्लास्टिकमागंपर्यंत येते. वायर तिच्यावरून गेली तर एअरबॅग उघडताना अडकायची किंवा वायरच तोंडावर फेकली जायची. वायर एअरबॅगच्या मागून न्यायची, पुढून कधीच नाही. माझ्या गाडीला ती भानगड नाही, तरी इलेक्ट्रिकवाल्यानं खांबाचं कव्हर काढून आत टॉर्च मारून बघितलं. "भावा, बघायला काय पैसे पडत न्हाईत," म्हणाला.

वीज लायटरच्या सॉकेटमधनं घेतली तरी चालते. मग सॉकेट कायम अडलेला आणि गिअरजवळ वायर लोंबकळणारी. आम्ही फ्यूज टॅप लावला, म्हणजे फ्यूजच्या जागी बसून तिथनं वीज काढून देणारा जोड. फ्यूज बॉक्समधला चावी फिरवल्यावरच जिवंत होणारा एक फ्यूज मल्टिमीटरनं शोधायचा, त्याच्या जागी टॅप, आणि काळी वायर बॉडीच्या बोल्टला. मूळ वायर कुठं कापायची नाही, कारण वॉरंटीतली गाडी असेल तर शोरूमवाल्यांना तेवढंच निमित्त पुरतं.

ॲपमध्ये धक्का ओळखणाऱ्या सेन्सरचं एक सेटिंग असतं. गाडीला धक्का बसला की चालू क्लिप कुलूपबंद होते, नवीन रेकॉर्डिंग तिच्यावर चढत नाही. कंपनी ते मध्यम ठेवून देते. ते कुठल्या तरी गुळगुळीत देशासाठी असावं. पावसाळा संपल्यावर आमच्या शहरात मध्यम ठेवलंत तर प्रत्येक खड्डा अपघात म्हणून नोंदला जातो आणि कार्ड खड्ड्यांच्या क्लिपांनीच भरून जातं. महापालिकेला सादर करायचं असेल तर गोष्ट वेगळी. मी सगळ्यात कमीवर ठेवलंय आणि गरज पडली की बटण हातानं दाबतो.

ती गरज तावडे हॉटेलच्या चौकात पडली. सिग्नल सुटला, मी निघालो आणि उलट्या बाजूनं एक पोरगा दुचाकी घेऊन घुसला तो सरळ बंपरवर. त्याचा गुडघा खरचटला, माझा बंपर चिरला. मिनिटाभरात वीस माणसं. चारचाकी आणि दुचाकी म्हटलं की निकाल आधीच लागलेला असतो, "गाडीवाल्यानं बघाय नको?" मी बटण दाबलं, खाली उतरलो, फोन कॅमेऱ्याच्या वायफायला जोडला. जोडताना मोबाईल डेटा बंद करायचा, नाहीतर नेट नसलेलं वायफाय बघून फोन आपणहून सुटतो. क्लिप उघडल्यावर सगळी गर्दी फोनवर वाकली. पांढरी टोपी घातलेले एक आजोबा पंच झाले. "परत लाव. हां. आता थांबीव हितं. आरं, हे बेणं तिकडनं कशाला आलंय?" पोरगा खाली बघत म्हणाला, "चुकलं काका." त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधली, टपरीवर चहा झाला. बंपर मी माझ्या खर्चानं करून घेतला. पोराच्या खिशात तेवढे असते असं वाटलं नाही.

प्रकरण पोलिसांत किंवा विम्यात जाणार असेल तर क्लिप व्हॉट्सॲपवर फिरवून त्यावर विसंबू नका. तिथं व्हिडिओ दाबून लहान होतो आणि मूळ माहिती गळून जाते. कापाकापीही नको. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय. त्याच्या कलम ६३ प्रमाणं इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल ठसाही येतो. पुढचं वकील बघतो. आपलं काम एवढंच, कार्ड काढून कागदात गुंडाळून बाजूला ठेवायचं आणि कॅमेऱ्यात दुसरं घालायचं.

कार्डावरनं आठवलं. मोबाईलचं जुनं कार्ड यात घालू नका. इथं दिवसभर लिहिणं-पुसणं चालू असतं, साधं कार्ड लवकर दम तोडतं आणि तसं कळतही नाही. हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या. चौसष्ट जीबीत टू-केचं साधारण सहा तासांचं मावतं. महिन्या-दोन महिन्यांनी कॅमेऱ्यातच फॉरमॅट मारायचं.

मागचा कॅमेरा मी घेतला नाही. दाजींना मात्र हवाय. त्यांची गाडी राजारामपुरीत रस्त्याकडंलाच असते आणि कोण तरी रात्री घासून जातं. त्यांना पार्किंग मोड, गाडी बंद असतानाही चालणारं रेकॉर्डिंग, लागणार, म्हणजे एक वायर कायम जिवंत असलेल्या फ्यूजला, आणि वायरच्या किटमध्ये गाडीची बॅटरी बारा व्होल्टच्या आसपास उतरली की वीज तोडणारं सेटिंग, नाहीतर सकाळी गाडी धक्का मारूनच निघायची. दाजी म्हणतात हॉर्नच्या फ्यूजला जोडा, इलेक्ट्रिकवाला म्हणतो आतल्या दिव्याच्या. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावायचा नाही, यावर तेवढं दोघांचं एकमत झालंय. रविवारी बसवतोय.