लोक तुम्हाला खरं सांगतात का?

सर्वेक्षणाचं काम करते म्हटलं की लग्नात, बँकेच्या रांगेत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, कुठंही हा प्रश्न येतो: "पण मॅडम, लोक तुम्हाला खरं सांगतात का?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. गरीब माणूस उत्पन्न कमी सांगणार, कारण त्याला रेशनकार्डाची काळजी. मागवाला, म्हणजे यंत्रमागाचा मालक, नफा लपवणार, कारण त्याला कराची काळजी. मग तुमच्या त्या टक्केवारीला अर्थ काय? तुम्हीही हेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण दोन वाक्यांत सांगितलं की ते पटत नाही.

माझा अनुभव असा, की लोक ज्या मापानं रोजचं जगणं मोजतात त्या मापात विचारलं तर ते खरं सांगतात, आणि आपल्याला पेलणार नाही इतक्या बारकाईनं सांगतात. आपण मात्र आपल्या तक्त्याच्या सोयीनं विचारतो. मग समोरचा माणूस आपली अडचण ओळखून एखादा गोल आकडा देतो आणि आपल्याला वाटेला लावतो. त्या आकड्याला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

विडी कामगार बाईचं बघा. सोलापूरच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात दुपारी गेलात, तर दारादारांत मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका दिसतील. तिला "महिन्याचं उत्पन्न किती?" असं विचारलं की ती क्षणभर थांबते, शेजारणीकडं बघते आणि एक आकडा सांगते. शेजारीणही तोच सांगते. प्रश्नावलीवर तो आकडा चढतो आणि पुढं त्याची सरासरी निघते. पण महिना हे तिच्या कामाचं माप नाही. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. पानं, तंबाखू, सूत कारखान्याकडून मिळतं. पान भिजवायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, पत्र्याच्या मापानं कातरायचं, मग वळायचं. पान खराब निघालं तर तेवढ्या वजनात हजार भरत नाहीत आणि पदरचे पैसे घालून पान आणावं लागतं. तयार माल द्यायला गेलं की तपासणीत काही विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी मिळत नाही. शिवाय कामाचं कार्ड एका बाईच्या नावावर असतं आणि वळणारे हात घरातल्या दोघीतिघींचे असतात. शाळेतून आलेली मुलगी सूत गुंडाळते, म्हातारी सासू पान कातरते.

आता तिलाच असं विचारा: "अक्का, काल किती पान मिळालं? बरं होतं का? किती झाल्या? छाट किती गेली? कातरायला कोण बसलं होतं?" ती न अडखळता सांगेल. पानाचा वास कसा होता तेसुद्धा सांगेल. मागच्या आठवड्यात कुठल्या दिवशी काम मिळालं नाही आणि का मिळालं नाही, हेही तिला पाठ असतं. महिन्याचा हिशोब मांडणं हे आपलं काम आहे, गुणाकार-भागाकार आपण घरी बसून करायचा. ते ओझं तिच्यावर टाकायचं आणि वर ती खरं सांगत नाही म्हणायचं, हे मला मान्य नाही.

विचारणारं कोण आहे यावरही बरंच ठरतं. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू बोलणारी मुलगी गेली तर चटई पसरली जाते. अक्कलकोटच्या बाजूला कन्नड लागतं, शहरातल्या काही मोहल्ल्यांत दखनी उर्दू. आणि घरातला पुरुष शेजारी उभा असेल तर कर्जाबद्दल बाई बोलत नाही. बचत गटाचं कर्ज, सोनं गहाण ठेवून काढलेलं कर्ज, भिशीत अडकलेले पैसे, हे सगळं तो पाणी प्यायला आत गेला की बाहेर येतं.

लोकांना किती मागचं आठवतं, हा प्रश्न आपल्या देशात फार आधीपासून गांभीर्यानं घेतला गेला आहे. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था काढली आणि १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी, म्हणजे देशभरातल्या निवडक घरांकडून माहिती घेणारी सरकारी पाहणी, सुरू झाली. किती धान्य खाल्लं हे आठवड्याचं विचारावं की महिन्याचं, हे ठरवायला १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पश्चिम बंगालमध्ये प्रयोग केला. प्रत्यक्ष मोजून घेतलेल्या आकड्यांच्या जवळ महिन्याचं उत्तर आलं, म्हणून पुढं तीस दिवसांचा प्रश्न रूढ झाला. मग १९९९-२००० च्या पाहणीत खाण्याच्या वस्तूंबद्दल सात दिवसांचं आणि तीस दिवसांचं, दोन्ही एकाच पत्रकात शेजारी शेजारी विचारलं गेलं. एका उत्तराचा दुसऱ्यावर परिणाम झाला आणि या उत्तरांवरून काढलेली त्या वर्षीची गरिबी आधीच्या वर्षांशी ताडून बघता येईना. देशातली गरिबी किती घटली यावर कित्येक वर्षं अर्थतज्ज्ञ भांडत राहिले. कुणी खोटं बोललं म्हणून हा घोळ झाला नव्हता, पत्रकातल्या दोन रकान्यांमुळं झाला होता. विद्यार्थ्यांना मी हे प्रकरण दरवर्षी शिकवते.

आणि खरं कसं मिळवावं याचा उत्तम नमुना पाहायला लांब जायची गरज नाही, तो आपल्याच जिल्ह्यात आहे. उत्तर सोलापूर तालुक्यातलं कळमण आणि मोहोळ तालुक्यातलं शिरापूर. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं १९७५ साली कोरडवाहू शेतीच्या अभ्यासासाठी सहा गावं निवडली. दोन महबूबनगरमधली, दोन अकोल्यातली आणि ही दोन. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबं घेतली, भूमिहीन मजुरांपासून मोठ्या शेतकऱ्यांपर्यंत. माहिती घेणारा माणूस गावातच राहायला ठेवला आणि दर तीन-चार आठवड्यांनी तो त्याच घरांत जात राहिला. किती पेरलं, किती दिवस मजुरीला गेले, काय विकलं, कुणाकडून उसनं घेतलं. असं दहा वर्षं चाललं, आणि नंतर खंड पडून पुन्हा सुरू झालं.

जगभरातल्या विद्यापीठांत आज विकासाचं अर्थशास्त्र शिकणाऱ्याला शिरापूर हे नाव भेटतं. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये शिरापूरसह तीन गावांच्या नोंदींवरून दाखवलं, की एखाद्या घरचं पीक बुडालं तरी त्या घरचं खाणंपिणं तेवढ्या प्रमाणात बुडत नाही. गाव एकमेकांना बरंच सांभाळून घेतं, पण तिनांतल्या एका गावात भूमिहीनांना कमी. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी याच पाहणीच्या आधारे १९८९ मध्ये मांडलं, की मुली लांबच्या गावांत देण्यामागं दुष्काळाचाही हिशोब असतो. आपल्याकडं पाऊस झाला नाही तरी व्याह्यांकडं झालेला असू शकतो. वाईट वर्षात बैल विकून घर चालवलं जातं आणि पुढच्या हंगामात नांगराला बैल नसतो, हेही याच नोंदींवरून मोजलं गेलं. रब्बीच्या ज्वारीवर जगलेल्या आपल्या आजी-आजोबांना यातलं काहीच नवं वाटलं नसतं. तरी ते मोजून, आकड्यांत मांडून जगासमोर ठेवलं गेलं ते त्या घरांनी वर्षानुवर्षं खरं सांगितलं म्हणून. त्यांना कुठलीही योजना मिळणार नव्हती. रोज दिसणारा, गावातच राहणारा माणूस विचारत होता आणि तो पुढच्या महिन्यात पुन्हा येणार हे त्यांना माहीत होतं. सोलापुरातल्या किती पदवीधरांना कळमण-शिरापूरची ही गोष्ट माहीत आहे? मला याचं मनापासून वाईट वाटतं. आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी जगाच्या ज्ञानात घातलेली ही भर आपल्याच वर्गांत शिकवली जात नाही.

आता धंद्याकडं येते. मागवाल्याला "धंदा कसा आहे?" विचारलं की, "काय नाही ओ मॅडम, सगळं बसलंय," हे उत्तर ठरलेलं. नफ्याचा प्रश्न मी विचारतच नाही. मी लाईट बिल मागते. बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात आणि माग चालले की बंद होते हे तिथं कळतं. किती माग एका पाळीत, किती दोन्ही पाळ्यांत, नक्षीच्या जेकार्ड मागावर चादर चाललीय की साध्यावर टॉवेल, सूत उधारीत येतं की रोखीत, सुताची कांडी भरायला किती बायका येतात, हे विचारलं की मालक खुलतो. त्याला त्याच्या कामाबद्दल बोलायचं असतं, फक्त कुणी नीट विचारलेलं नसतं. युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यांत तर महिना बघूनच जावं लागतं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मशीन थांबत नाही. त्याच कारखान्यात पावसाळा संपताना गेलात तर वेगळाच धंदा दिसेल. दोन्ही उत्तरं खरी असतात.

कधी कधी तर उत्तर लपवलेलं नसतं, कुणी मोजलेलंच नसतं. मुंबईजवळच्या तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १७ कंपन्यांचे २८ कारखाने त्यात होते. त्यातल्या काहींना पाच महिने फुकट सल्लागार दिले. माग किती वेळा बंद पडतो, का पडतो, सुताचा साठा किती, माल कुठं खराब होतो, याच्या रोजच्या नोंदी ठेवायला शिकवलं. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हे आधी का केलं नाही, याचं मालकांचं मोठं कारण म्हणजे त्यांना त्याचा उपयोगच वाटत नव्हता. आणखी एक गोष्ट दिसली. मालक बाहेरच्या व्यवस्थापकावर विश्वास टाकत नाहीत, त्यामुळं कंपनी किती वाढणार हे घरात मुलगे-भाऊ किती यावर बरंचसं ठरतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणाही कारखानदाराला हे वाचून दाखवा, तो मान डोलावेल. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. पण सोलापूरच्या मागांवर असा धीरानं, कारखान्यात उभं राहून केलेला अभ्यास मला हवा आहे.

त्याऐवजी आपल्याकडं होतं काय? शंभर जणांची प्रश्नावली, "पूर्ण सहमत" पासून "पूर्ण असहमत" पर्यंत पाच रकाने, आणि त्यावर सॉफ्टवेअरमधून काढलेले तक्ते. कांडी भरणाऱ्या बाईनं "व्यवस्थापनाच्या प्रेरणाविषयक धोरणाशी" किती सहमत व्हावं? पीएचडीचा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही अट २००९ मध्ये आली आणि २०२२ मध्ये निघाली. मधल्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पीक आलं, ते अजून वाळलेलं नाही. यात भरडले गेले ते आमचेच हुशार विद्यार्थी. त्यांना गल्लीत जाऊन बसायला, दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा त्याच घरात जायला ना वेळ दिला जातो ना प्रवासखर्च. होस्टेलवर बसून भरलेली प्रश्नावली आणि दारात बसून भरलेली प्रश्नावली तपासणाऱ्याला सारखीच दिसते. म्हणून लोकांच्या खरेपणाबद्दल विचारणाऱ्याला मी म्हणते, आधी आम्हाला विचारा.

लोक आम्हालाही एक विचारतात: "हे लिहून नेऊन पुढं काय?" याला उत्तर द्यावंच लागतं आणि ते स्पष्ट द्यावं लागतं. योजना नाही, घर नाही, पैसे नाहीत. नाव कुठं छापणार नाही. अभ्यास झाला की पुन्हा येऊन काय निघालं ते वाचून दाखवीन. या शेवटच्या वाक्यावर लोकांचा विश्वास नसतो, कारण परत आलेलं कुणी त्यांनी पाहिलेलं नसतं. पण वाचून दाखवायला गेलं की खरी तपासणी तिथंच होते. "हे चुकलंय बघा, दिवाळीच्या आधी काम जास्त असतं," असं सांगणाऱ्या बाईइतकं चांगलं परीक्षण मला दुसरीकडं मिळालेलं नाही.

खोट्या उत्तरापेक्षा मला न विचारलेल्या घराची काळजी जास्त आहे. नमुना निवडायला यादी लागते, आणि आपली यादी २०११ च्या जनगणनेची. तेव्हा शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. त्यानंतर किती वस्त्या वाढल्या, किती माग बंद पडले, किती कुटुंबं पुण्याला गेली. कुंभारीजवळच्या रे नगरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांच्या वसाहतीचा प्रकल्प आहे. त्यातली १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. जुन्या यादीवरून चिठ्ठ्या काढल्या तर त्यातल्या एकाही दारावर कुणी जाणार नाही. पुढची जनगणना २०२७ ची. तिचे तपशीलवार आकडे हातात येईपर्यंत आणखी काळ जाईल.

म्हणून आम्ही आता आधी गल्लीगल्लीनं घरं मोजून स्वतःची यादी करतो, प्रश्न नंतर. रे नगरच्या यादीसाठी तेलुगू बोलणाऱ्या मुली मिळाल्या आहेत. कन्नड आणि दखनी बोलणाऱ्या अजून हव्यात. काम सकाळी लवकर, उन्हाच्या आत. दुपारी चारनंतर पुन्हा जावं लागतं, कारण त्या वेळी बायका माल देऊन परत आलेल्या असतात.