लंपन जिंकला त्या रात्री

"बाई, वेब मालिकेला पुरस्कार मिळाला म्हणून तुम्ही रडलात म्हणे?" जुने विद्यार्थी भेटले की अजून हेच विचारतात. इथं गोव्यात, साखळीच्या बाजारात विचारतात, लग्नाच्या मांडवात विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. हो, रडले.

28 नोव्हेंबर 2024. ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमवर 55व्या इफ्फीचा, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा समारोप चालला होता. रात्री परतायची सोय नव्हती, म्हणून मी घरीच मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बघत होते. गॅसवर बांगड्याचं हुमण, म्हणजे नारळाच्या रसातली माशांची आमटी. वेब मालिकेच्या पुरस्काराला 'लंपन'चं नाव पुकारलं आणि हातातली सोलं, म्हणजे आमसुलं, हातातच राहिली.

इफ्फी 2004 पासून गोव्यात भरते, पण हा पुरस्कार अगदी अलीकडचा. 2023 मध्ये सुरू झाला, 32 मालिका आल्या होत्या आणि 'पंचायत'च्या दुसऱ्या सीझनला मिळाला. पुढच्या वर्षी 46 आल्या. शेवटच्या पाचांत 'कोटा फॅक्टरी', 'ज्युबिली', 'काला पानी', तमिळ 'अयली' आणि दिग्दर्शक निपुण धर्माधिकारींची मराठी 'लंपन'. दहा लाखांचं बक्षीस आहे, पण मला त्याचं काही नाही. वाहिन्यांचे सोहळेही मी आवडीने बघते, तिथं चढाओढ मात्र एकाच वाहिनीच्या घरातली. देशपातळीवरचे म्हणून जे सोहळे गाजतात, त्यांत बोलबाला हिंदी मालिकांचा. इथं परीक्षकांसमोर सगळ्या भाषा एका रांगेत बसल्या होत्या आणि त्यांतून मराठी उठली.

तीही कुठली मराठी? 'लंपन' प्रकाश नारायण संतांच्या कथांवरची. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन नावाचा पोरगा, सीमाभागातलं गाव, कन्नडला खेटून चालणारी बोली. आम्हाला ते परकं कसं वाटेल? चोर्ला घाट चढला की बेळगाव. आमच्या बाजारातली भाजी तिथून येते, घरातली लग्नाची खरेदी तिथं होते आणि दुकानदाराचा तो हेल लहानपणापासून कानात बसलेला.

आता खरं कारण. 1984 साली मी बी.एड. करायला एका मोठ्या शहरात गेले होते. पहिल्याच आठवड्यात मैत्रिणीला सांगत होते, "आज खानावळीत नुस्तं नव्हतं." आमच्याकडे नुस्तं म्हणजे मासे. मागून प्राध्यापिकेनं विचारलं, "नुसतं काय? नुसता भात, की नुसती आमटी?" सगळा वर्ग हसला. पुढे वर्षभर मी प्रत्येक वाक्य आधी मनात इस्त्री करून मग बोलायचे. चुकत कधी नव्हते, पण बोलणंच कमी झालं. तीस वर्षं मराठी शिकवली, तरी पुण्या-मुंबईचं कुणी समोर आलं की जीभ अजून क्षणभर अडते.

म्हणूनच प्रकाश संतांच्या लंपनच्या कथा मी वर्गात मोठ्याने वाचायचे. मुलांना अभ्यासक्रमात आहे की नाही याच्याशी देणंघेणं नसायचं, ती गप्प ऐकायची. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, हा आमच्या मामाच्या गावचा आहे." मामा खानापूरचा. त्या दिवसापासून तो निबंधात आपल्या घरचे शब्द घालायला लागला आणि मी एकाही शब्दाखाली लाल रेघ ओढली नाही.

तर त्या रात्री स्टेडियममध्ये टाळ्या वाजत होत्या आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचा तो वर्ग दिसत होता. इकडे आच कमी करायची राहिली, हुमण उकळून नारळाचा रस फुटला. तेवढ्यात बेळगावहून, त्याच मागच्या बाकावरच्या मुलाचा फोन आला. तो आता तिथं शिक्षक आहे.

"बाई, बघितलात?"

"बघितलं रे," म्हटलं, "नुस्त्याचं हुमण फुटलं माझं."

"फुटू दे," तो म्हणाला, आणि मग दोघांनाही काही बोलता येईना.