ग्लुकोजचं पाणी पोटात ठरेना तेव्हा

मे महिना, गरोदरपणाचा सव्विसावा आठवडा आणि घरात आंब्याच्या पेट्या भरायची घाई. अशात एका सकाळी देवगडला साखर तपासायला गेले. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असायलाच हवं असं नाही. १४० किंवा जास्त आली तर गर्भारपणातला मधुमेह. सुरुवातीला एकदा कसंबसं प्यायले होते, तेव्हा नॉर्मल आली. पण २४ ते २८ आठवड्यांत ती परत करावी लागते.

या वेळी विसाव्या मिनिटाला सगळं उलटून पडलं. लॅबमधला मुलगा म्हणाला, "काही होत नाही, बसा, रक्त घेऊ." आमच्या आशाताईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती चाचणी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी परत करायची. मी तसं म्हटलं तर तो वैतागला. पण पोटात राहिलंच नाही त्या ग्लुकोजचा आकडा घेऊन मी काय करणार होते? तशीच उठून आले. दुसऱ्या दिवशी लिंबू पिळून, थंड करून प्यायले. दहा मिनिटंही टिकलं नाही. लॅबच्या पायरीवर बसून रडले.

डॉक्टर मॅडमना विचारलं, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती एचबीए१सी करून चालणार नाही का? त्या म्हणाल्या, गरोदरपणात तिच्यावर विसंबता येत नाही, आणि तुमचं हिमोग्लोबिन ९.४ आहे, लोह कमी असलं तर तो आकडा आणखी फसवतो. मग त्यांनी घरच्या ग्लुकोमीटरचा मार्ग सांगितला. आठवडाभर, रोज चार वेळा: सकाळी उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी. उपाशी ९५ च्या खाली, जेवणानंतर १२० च्या खाली. "ही त्या चाचणीची बरोबरी करत नाही," हे त्यांनी दोनदा बजावलं. "पण काहीच न करण्यापेक्षा शंभर पटीने बरं. आणि खाणं बदलू नका, रोजचंच खा." मीटर बरोबर दाखवतो का, हे बघायला एकदा लॅबमध्ये उपाशीपोटीचं रक्तही द्यायला लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मीटरवर २१२ आले. हातपाय गळाले. नवऱ्याला हाक मारली, तर तो माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "अगं, आंबे कापत होतीस ना?" खरंच, बोटांना रस सुकलेला होता. साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. १०९. आंब्याच्या दिवसांत घरी साखर तपासणाऱ्या प्रत्येकीला मला हे ओरडून सांगावंसं वाटतं: नुसतं पुसू नका, धुवा.

सासूबाई रोज फोड पुढे करायच्या, "एक फोड खाल्ल्यान काय होवचा नाय गो." खरं तर घात आंब्याने नाही, सकाळच्या पेजेने केला. उकड्या तांदळाची वाडगाभर पेज, सोबत लोणचं, आणि दोन तासांनी १३८. घावण्यांनंतर १३१. उपाशीपोटीचे आकडे मात्र ८४ ते ९० मध्येच, आणि दुपारी वाटीभर भात, बांगड्याचं तिखलं, भाजी खाल्ली की ११२. सातपैकी चार सकाळी न्याहारीनंतर मी १२० च्या वर होते.

वही बघून मॅडम म्हणाल्या, आपण मधुमेह धरूनच चालू. दोन आठवडे पथ्य. पेजेऐवजी नाचणीची भाकरी आणि उसळ किंवा अंडं, भात मोजून, जेवल्यावर अंगणात वीस मिनिटं चालणं. सासूबाईंनी पेजेचं भांडं फडताळात वर ठेवून दिलं, एका शब्दाने बोलल्या नाहीत. न्याहारीनंतरचे आकडे ११५ च्या आसपास आले, इन्सुलिन लागलं नाही. एकादोन वेळा फोडही खाल्ली, जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळी आणि मोजून.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. सहा आठवड्यांनी तेच ७५ ग्रॅम परत प्यायला सांगितलं, कारण बाळंतपणानंतर साखर खरोखर उतरली का, ते बघावंच लागतं. ती आजीच्या मांडीवर झोपली होती. मी ग्लास तोंडाला लावला, या वेळी सगळं पोटात राहिलं. दोन तासांनी ११८.