मूळ मृत्युपत्र सापडत नाही, तेव्हा

आजचा अख्खा दिवस एकाच प्रश्नात गेला. मृत्युपत्राची झेरॉक्स हातात आहे, मूळ गायब. मग सगळं संपलं का?

नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मधलं कलम 237 यासाठीच आहे. मृत्यूनंतर मूळ हरवलं, किंवा ते करणाऱ्याने स्वतः नष्ट केलेलं नसून अपघाताने गेलं, आणि प्रत किंवा मसुदा शिल्लक असेल, तर त्यावर प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याची कोर्टाची अधिकृत मान्यता) मिळू शकतं, मूळ सापडेपर्यंत. प्रतही नसेल तर कलम 238, म्हणजे मजकूर पुराव्याने सिद्ध करायचा. ते फार कठीण.

खरी लढाई वेगळीच असते: मूळ शेवटचं कोणाकडे होतं? मृताच्याच कपाटात असेल, तर त्यांनीच फाडून रद्द केलं, असं समोरचा पक्ष म्हणणारच. म्हणून लॉकर, कपाट, वकिलांचं कार्यालय, कुठे, कधी, कोणी शोधलं ते शपथपत्रात तारखांसकट लिहा. ‘खूप शोधलं’ एवढ्यावर भागत नाही.

नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल काढा. पण नोंदणीने मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही. सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी एक तरी, हयात आणि साक्ष देण्याजोगा असेल तर, कोर्टात आणावाच लागतो. त्याचा पत्ता आजच शोधायला घ्या.